ऊन कसं पाडशील?

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आभार मानायला फोन केला, तर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. 'बरं बरं, कामाला लाग' म्हणालात आणि ठेवून दिलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

रबाळ्यातलं आमचं युनिट बंद पडलं तेव्हा मी अठरा वर्षांचा जुना वायरमन. नंतर फॅन-ट्यूबची किरकोळ कामं. फेब्रुवारी २०२४ मध्ये घराच्या छतावर सोलर बसवायची पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी, आणि महापेच्या सोलर कंपनीत भरती निघाली. तिथला मॅनेजर आयटीआयमधला तुमचाच विद्यार्थी. मी म्हटलं, सर, एक शब्द टाका. तुम्ही म्हणालात, "टाकीन. आधी चार रविवार घणसोलीला ये."

खरं सांगतो, राग आला होता.

घरच्या गॅलरीत तुम्ही फ्रेम वाकलेलं एक सोलर पॅनल टेकवून ठेवलेलं. "मेन पाड बघू." मी एमसीबी, म्हणजे लाइन बंद करायचा स्विच, शोधायला लागलो. "अरे, ऊन कसं पाडशील?" एका पॅनलला पन्नासच्या आत व्होल्ट, सहा ओळीने जोडली की तीनशेच्या घरात. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. पॅनलच्या डीसी करंटला शून्यच नाही, ठिणगी ओढत राहते. अठरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ऐरोलीच्या एका गच्चीवर हेल्पर पोरगा चालू लाइनचा कनेक्टर उपसायला गेला. मी त्याचं मनगट धरलं. आधी डीसीचा एसी करणारा इन्व्हर्टर बंद, मग पॅनलची लाइन तोडणारा आयसोलेटर, मग कनेक्टर. आवाज माझा, शब्द तुमचे.

तेव्हा आमची कामगारांची एक गँग होती, आता तीन आहेत. जुन्या युनिटमधला वेल्डर स्ट्रक्चर बनवतो, स्टोअरचा क्लार्क महावितरणकडे नेट मीटरच्या (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) फायली पळवतो. सगळं गोड नाही. आम्ही अजून कॉन्ट्रॅक्टवरच, आणि जुलैत पाऊस लागला की गच्चीवरचं काम थंडावतं. पण महिन्याच्या सात तारखेला पगार जमा होतो.

त्या पॅनलची सावली तुळशीवर पडते म्हणून काकू कुरकुरायच्या. ते भंगारात दिलं नसेल तर या रविवारपर्यंत ठेवा. गँगमधली दोन नवी पोरं घेऊन येतोय.

तुमचा विद्यार्थी