विषय : पाकिटावर नसलेले शेंगदाणे आत निघाल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

स. न. वि. वि.

माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. तो पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. मराठी घरात दाण्याचं कूट टाळणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कोशिंबीर, भरली वांगी, उपवासाची खिचडी, सगळीकडे तेच. लहान होता तोवर वाढदिवसाला मी त्याच्या ताटामागे उभी राहायचे. आता तो क्लासहून रात्री आठला येतो. मधे भूक लागली की पाकीट उलटं करून घटक वाचतो आणि मगच फोडतो. मित्र चिडवतात, तरी वाचतो.

12 ऑगस्टला त्यानं तुमच्या बाकरवडीचं वीस रुपयांचं पाकीट घेतलं, तेही वाचूनच. शेंगदाण्याचा उल्लेख कुठेही नव्हता. दोन वर्षं घरात हीच बाकरवडी येत होती. दुसऱ्याच तुकड्याला ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, छाती घरघरायला लागली. दप्तरात अ‍ॅड्रेनालिनचं पेन, म्हणजे अशा वेळी स्वतःच टोचून घ्यायचं इंजेक्शन, होतं म्हणून निभावलं. ते इथे दुकानात सहजी मिळत नाही, माझा भाऊ परदेशातून आणतो. पोरानं जीन्सवरूनच मांडीत टोचून घेतलं. त्रास काही तासांनी पुन्हा उसळू शकतो, म्हणून रात्रभर दवाखान्यात ठेवलं.

तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळालं, "महिन्याभरापासून मसाल्यात थोडं कूट घालतो, जुनी छापलेली पाकिटं संपवतोय." वर सल्ला, "मुलाला बाहेरचं देऊच नका ना, मॅडम." चिमूटभर कुटानं काय होतंय, हे मी नणंदेकडून बारा वर्षं ऐकतेय. तिच्याकडे निदान खाद्यपदार्थ विकायचा परवाना नाही.

शेंगदाणे असतील तर पाकिटावर तसं जाहीर करणं 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक आहे. जुन्या वेष्टनातला सगळा माल दुकानांतून परत घ्या, वर्तमानपत्रात तसं छापा आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नाहीतर मी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाकीट, बिल आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रती सोबत आहेत. उरलेल्या बाकरवड्या मी टाकलेल्या नाहीत, तपासणीसाठी ठेवल्यात.

नुकसानभरपाईचं वकील बघतील. पण नऊ वर्षं खपून मी त्याला लेबलवर भरवसा ठेवायला शिकवलं होतं. आता तो घरून दिलेला डबासुद्धा मला फोन करून, विचारून उघडतो.

कळावे,
आपली एक ग्राहक
पुणे