मी काही दाबलं नव्हतं

बाळ्या,

फोनवर सांगायला गेले की तू "आई मीटिंगमधे आहे" म्हणतोस आणि मीटिंग नसली की "आई तूच काहीतरी दाबलं असशील" म्हणतोस, म्हणून आज दुपारी शेंगा भाजून झाल्या तशा कुटायच्या उद्यावर ठेवल्या आणि हे टाईप करायला बसले. वरच्या मजल्यावर राहणारी, बँकेत कामाला असलेली पोरगी आहे ना, तिनं माईकवर बोलून टाईप करायला शिकवलंय मला, पण ते शेंगाचं सिंगा करतंय म्हणून बोटानंच करायलेय. पूर्ण वाच. सगळ्यात खाली जाऊन नुसता अंगठा टाकून मोकळा होऊ नको, अंगठ्यामुळंच हे सगळं झालंय.

तर ते बिल. फेब्रुवारीत मेसेज आला की तुमचं बिल 1,204 रुपये. मी बाई 84 दिवसांचा रिचार्ज मारणारी, मला बिल कुठलं, मला वाटलं हा फ्रॉडवाल्यांचा मेसेज, तूच सांगितलेलंस ना असले मेसेज आले की डिलीट करायचे, केला डिलीट. दुसरा आला, तोपण केला. मग एक दिवस अक्कलकोट रोडच्या गिऱ्हाईकाला चटणी तयार आहे म्हणून फोन लावायला गेले तर आउटगोइंग बंद! आणि तेव्हा तुला बाबांच्या फोनवरून फोन केला आणि तू ते दाबलं असशील म्हणालास. मला लई लागलं ते. पाकिटावर 6 वर्षं तोच नंबर छापलेला आहे, तो नंबर गेला तर माझा धंदा गेला, मी असं उगीच काय दाबेन?

झालं काय ते आता सगळं कळलंय. जानेवारीत आपल्या सोलापूरच्या गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेले होते ना, शेजारच्या वहिनी आणि मी, अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी. होम मैदानाकडं जाताना रस्त्याकडेला छत्री लावून एक पोरगा बसलेला, गळ्यात कार्ड, टेबलावर मशीन. "मावशी फोन नवा दिसतोय, फाईव्ह जी चालू करून देतो, फ्री आहे, नुसतं केवायसी अपडेट करायचं." आता तू घेऊन दिलेला फोन नवा आहे हे खरं आणि फ्री म्हणल्यावर वहिनी पुढं आणि मी मागं. त्यानं आधार नंबर घेतला, फोटो काढला, अंगठा घेतला. मग म्हणाला अंगठा नीट उमटला नाही, परत द्या. शेंगा कुटून कुटून माझ्या अंगठ्याच्या रेषा गेल्यात हे रेशनच्या दुकानातसुद्धा माहितीय, मला काय संशय येणार? दिला परत. मग ओटीपी आला तो म्हणाला वाचून दाखवा, दाखवला. वहिनींचा एकच अंगठा घेतला बघ, त्यांना गुडघ्यामुळं उभं राहवत नव्हतं म्हणून त्या आधीच पुढं सरकल्या, गुडघ्यानं वाचवलं.

म्हणजे मी काही दाबलं नव्हतं. मी वाचून दाखवलं होतं. फरक आहे त्यात, आणि जेवढी माझी चूक तेवढी मी मान्य करते. तो ओटीपीचा मेसेज अजून आहे माझ्याकडं, त्यात इंग्रजीत सरळ लिहिलंय की हा प्रीपेडचं पोस्टपेड करायचा ओटीपी आहे. मी आकडेच तेवढे बघितले. सगळे तेच करतात, तूपण करत असशील.

2021 पासून असं ओटीपीवर प्रीपेडचं पोस्टपेड करता येतं, आधी नवीन फॉर्म भरावा लागायचा. सोय लोकांसाठी केली आणि टार्गेटवाल्यांनी वापरली. दुसरा अंगठा कशाला घेतला ते पुढं सांगते.

कंपनीच्या स्टोअरमधे गेले तर काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडं बघतच म्हणाली मॅडम तुम्हीच कन्सेंट दिलाय, आता 90 दिवस प्रीपेड होणार नाही. 90 दिवस म्हणजे तीन बिलं. मी गप घरी आले, रात्री वरची पोरगी आली तिला सांगितलं तर ती म्हणाली काकू तो 90 दिवसांचा नियम जून 2025 मधेच बदललाय, पहिल्या वेळेला 30 दिवसच आहेत, आणि तेपण ओटीपीवर परत यायचं असेल तर, स्टोअरला जाऊन केवायसी करून त्याआधीसुद्धा येता येतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. मग त्याच मुलीनं "होईल मॅडम, पण आधी बिल भरा" म्हणलं. तुझे बाबा म्हणाले भरून टाक, बाराशे रुपयांसाठी डोक्याला ताप नको. मी नाही भरलं. बाराशे रुपयांसाठी मला किती किलो चटणी विकायला लागते ते त्यांना काय माहिती, यंत्रमागावर असतानासुद्धा पगार आणून माझ्या हातात द्यायचे आणि मोकळे.

कंपनीच्या तक्रारीच्या नंबरला, 198 ला फोन केला. आउटगोइंग बंद असलं तरी तो लागतो, फ्री आहे. एक दाबा दोन दाबा करत (हे मात्र दाबलं) माणसापर्यंत पोचायला वीस मिनिटं. काय बोललं ते महत्त्वाचं नाही, तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, तो मेसेजमधे येतो, तो मी कॅलेंडरवर लिहून ठेवला, दुधाच्या हिशोबाच्या खाली. चार दिवसांनी उत्तर आलं की ग्राहकाने ओटीपी दिलेला असल्याने तक्रार बंद. मला वाटलं संपलं. तर पोरगी म्हणाली ही पहिली पायरी, वर अपील असतं, कंपनीतच असतं, 30 दिवसांत करायचं, पैसे लागत नाहीत. अपिलात आम्ही दोन गोष्टी लिहिल्या. एक, मी 84 दिवसांचा पॅक मारून जेमतेम तीन आठवडे झाले होते, पैसे भरलेले दिवस शिल्लक टाकून कुठलं शहाणं माणूस पोस्टपेड घेईल? आणि दोन, त्याच दिवशी त्याच मशीनवरून माझ्या नावानं नवीन सिम निघालंय ते कुणाला दिलं ते सांगा.

हा तो दुसरा अंगठा. हे कसं कळलं ऐक. सरकारची संचार साथी म्हणून वेबसाईट आहे, 2023 ला सुरू झाली, त्यात आपला नंबर टाकला, ओटीपी टाकला (हा आपण आपल्याच फोनवर टाकायचा, कुणाला सांगायचा नाही) की आपल्या नावावर किती सिम आहेत ती यादी येते. एका माणसाला 9 चालतात म्हणे. कशाला बाई नऊ, नऊवारी आहे का? माझ्या नावावर तीन निघाले. एक माझा. बाकीचे दोन बघून मला घाम फुटला, कुठल्या चोरानं माझ्या नावावर घेऊन कुणाला फसवलं तर पोलीस तुझ्याकडं पुण्याला नाही, आपल्या दारात येणार. प्रत्येक नंबरापुढं पर्याय असतो, हा माझा नंबर नाही असा. मी दोन्हीवर टिक करायला बोट नेलं आणि पोरगी म्हणाली काकू थांबा, शेवटचे चार आकडे बघा.

तुझा होता बाळ्या.

2016 ला तू अकरावीला पुण्याला गेलास तेव्हा तुला 18 पूर्ण नव्हते, सिम मिळेना, म्हणून इथल्या नवी पेठेतल्या दुकानात माझं आधार देऊन घेतलेलं आठवतंय का, तू बाहेर भेळ खात होतास. तोच नंबर अजून चालवतोयस. तुझा पगार, तुझी बँक, तुझं यूपीआय, सगळं माझ्या नावावरच्या सिमवर. मी टिक केली असती तर तुझ्या मीटिंगा बंद झाल्या असत्या आणि तू म्हणाला असतास आईनं काहीतरी दाबलं, आणि तेव्हा ते खरं असतं!

तिसऱ्या नंबरवर टिक केली, रेफरन्स नंबर आला, पंधरा-वीस दिवसांनी बघितलं तर यादीतून गेलेला. कुणाकडं होता ते मात्र कुणीच सांगितलं नाही. अपिलाचं उत्तर एप्रिलमधे आलं, बिल माफ, आणि मी परत प्रीपेड. जुन्या पॅकचे दिवस परत नाही दिले, नवीन रिचार्ज मारायला लावला. तो छत्रीवाला पोरगा काय तिथं नाही आता, गड्डा उठला तसा तोपण उठला.

पोरगी म्हणते काकू तुमचं स्वस्तात गेलं. त्या लोकांनी सिमच बदलून दुसरं काढलं असतं तर आपल्या फोनची रेंज जाते आणि सगळे ओटीपी त्यांच्याकडं. म्हणून सिम बदललं की 24 तास मेसेज बंद ठेवतात, आणि जुलै 2024 पासून 7 दिवस नंबर पोर्टपण करता येत नाही. तरी तिनं मला सांगून ठेवलंय, घरात सगळ्यांची रेंज आहे आणि आपलीच अचानक गेली तर टॉवरला शिव्या देत बसायचं नाही, दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारायचं, आणि पैसे गेले असतील तर लगेच बँक आणि 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन. ते मी फ्रिजवर चिकटवलंय.

आणि आधारच्या ॲपमधे अंगठा लॉक करून दिलाय तिनं माझा. लई भारी वाटलं मला. मग रेशनला गेले, अंगठा लागेना, दुकानदार म्हणतो मावशी हात धुवून या, तीन वेळा हात धुतले, मागं रांग ओरडायला लागली, मग आठवलं की लॉक आहे. आता रेशनच्या दिवशी उघडायचा आणि घरी आलं की लावायचा, तिजोरीसारखं.

तर तुझं काम. तो नंबर तुझ्या नावावर करून घे. दोघांनी एकत्र जावं लागतं, मी पुण्याला येणार नाही, ऑर्डरी आहेत. शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ये. शनिवारी आपल्याकडं नळाचा दिवस आहे, पाणी भरून झालं की स्टोअरला जाऊ, छत्रीकडं नाही. ओरिजनल आधार आण. आणि मागच्या वेळेला चटणीचे दोन स्टीलचे डबे नेलेस ते आण, झाकणासकट.

तुझी आई