यायाच्या भिंतीवरचा ठराव

अस्टोरिया, न्यूयॉर्क
30 ऑक्टोबर

ती. बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ग्रीकांच्या 1940 च्या लढ्याबद्दल इथल्या न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या ठरावाचं मी सांगितलं, तेव्हा परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सुट्टी नाही, निधी नाही, मग नुसता ठराव कशाला?" मी कामावर निघाले होते, घाईत नीट बोलता आलं नाही. पण ते मनातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या घरमालकीणबाई ग्रीक. त्यांना सगळे याया म्हणतात, म्हणजे आजी. 28 ऑक्टोबरला त्यांनी जेवायला बोलावलं होतं. त्या दिवसाला ते 'ओही' दिवस म्हणतात. ओही म्हणजे नाही. (आई, गंमत म्हणजे 'हो'ला ते 'ने' म्हणतात. पहिले सहा महिने माझा फार गोंधळ व्हायचा.)

1940 साली याच तारखेला पहाटे तीनच्या सुमारास इटलीचा राजदूत ग्राझी ग्रीसचे पंतप्रधान मेटाक्सास यांच्या घरी गेला आणि त्यांना झोपेतून उठवून मुसोलिनीचा खलिता दिला. आमच्या फौजेला तुमच्या देशात मोक्याच्या जागा ताब्यात घेऊ द्या, उत्तराला तीन तास. मेटाक्सास फ्रेंचमध्ये एवढंच म्हणाले, "मग हे युद्धच." मुदत संपायच्या आतच, साडेपाचला, इटलीची फौज त्यांच्या ताब्यातल्या अल्बेनियातून आत घुसली. मेटाक्सास स्वतः हुकूमशहा होते, 1936 पासून लोकांची तोंडं बंद करून बसलेले. याया हे कधी लपवत नाहीत. त्या म्हणतात, "त्यांनी उत्तर दिलं फ्रेंचमध्ये. ओही म्हणाले ते आमचे लोक." ते मला पटतं. दिवस त्या माणसाचा राहिलाच नाही, लोकांचा झाला. बहुतेक देश युद्ध संपल्याचा दिवस पाळतात, हे लोक युद्धाला तोंड दिल्याचा पाळतात.

यायांच्या जेवणाच्या खोलीत मेरीमातेच्या तसबिरीखाली एक फ्रेम आहे. तोच तो ठराव, राज्याच्या विधिमंडळाचा, सोनेरी शिक्क्याचा. जेवणाआधी त्यांची नात उभी राहून तो मोठ्याने वाचते. दर परिच्छेदाची सुरुवात एकाच शब्दाने होते. बाबा, मला तुमचं प्रोसिडिंगच आठवलं. ज्याअर्थी अमुक, ज्याअर्थी तमुक, त्याअर्थी हे सभागृह ठराव करते की. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. कायद्याचं बळ त्याला नाही, हे तुमचं खरंच आहे. इथल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, एका सभागृहाने असा साधा ठराव केला, तर तो राष्ट्राध्यक्षांकडे सहीलाही जात नाही.

पण ऐका. त्यात एक 'ज्याअर्थी' उत्तर ग्रीसमधल्या पिंडस डोंगरातल्या बायकांचं आहे. तिथे गाड्या जात नव्हत्या, वाटा बर्फाखाली गेलेल्या. गावच्या बायकांनी दारूगोळ्याच्या पेट्या पाठीवर बांधून वर लढाईच्या आघाडीपर्यंत नेल्या. त्यांत यायांची आई होती. नात त्या ओळीवर आली की याया खुर्चीतून उठून उभ्या राहतात, गुडघे दुखत असले तरी. ओळ संपली की बसतात. आईने पेटी बांधायला वापरलेला दोर त्यांनी जपून ठेवलाय, शेळीच्या केसांचा, काळा, कडक. मी हातात घेतला तर तळव्याला टोचला. एवढा दोर खांद्यावर काचत असेल आणि पुढे चढण. यायांच्या वडिलांची दोन बोटं हिमदंशाने गेली. त्या आघाडीवर गोळीइतकंच थंडीनेही माणसांना निकामी केलं.

नोव्हेंबरात ग्रीकांनी उलट मुसंडी मारून अल्बेनियातलं कोर्चा शहर घेतलं. पुढे एप्रिल 1941 मध्ये जर्मन फौज उतरली, महिना संपायच्या आत अथेन्स पडलं. मग उपासमार. इंग्रजांची नाकेबंदी, जर्मनांची लूट, आणि 1941–42 च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं भुकेने पडली. तुर्कस्तानातून कुर्तुलुश नावाचं जहाज धान्य घेऊन यायचं, तेही जानेवारीत बुडालं. जेवण झालं की याया टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने टिपून खातात. आधी मला वाटायचं, सवय असेल. ती सवय त्यांच्या आईची.

बाबा, हे सगळं घरात त्यांना माहीत होतंच. पण घरात माहीत असणं वेगळं आणि परक्या देशाच्या सभागृहात कुणीतरी उभं राहून ते वाचणं वेगळं. यायांच्या आईला पेन्शन मिळाली नाही, पदक नाही. मिळालं ते हे एक 'ज्याअर्थी'. तुम्ही म्हणता अंमलबजावणी कोण करणार? ती नात करते, वर्षातून एकदा.

आपल्या धाकट्या आजोबांची मला त्या रात्री फार आठवण झाली. ग्रीक अल्बेनियाच्या डोंगरात लढत होते त्याच हिवाळ्याच्या अखेरीस मराठा पलटण आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर याच मुसोलिनीच्या फौजेशी लढत होती. मार्च 1941. यायांना सांगितलं तर त्या गप्पच झाल्या, मग माझा हात धरून म्हणाल्या, "त्यांचं नाव काय?" मी नाव सांगितलं. पलटणीचा नंबर, गाव, हुद्दा विचारला तेव्हा मला एकही नीट सांगता आला नाही. फार वाईट वाटलं.

तर एक काम करा. माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत, आईच्या जुन्या लुगड्यांच्या खाली, त्यांचं डिस्चार्जचं पुस्तक आहे. दादाला वर चढायला सांगा, तुम्ही शिडीवर जाऊ नका. सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवा, मागचं पानसुद्धा. यायांना दाखवायचंय.

थंडी सुरू झालीय. आई, तू पाठवलेला मेतकूट संपत आला. दादा-वहिनींना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुमची,
वैशू