फरशीखालचे हीटिंग: केवळ दर पाहू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जर्मनीत घर घेणारी आपली मंडळी फरशीखालच्या हीटिंगची चौकशी करताना बहुधा चौरस मीटरचा दर तेवढा विचारतात, म्हणून हे पत्र. फरशीखाली घालायची विजेच्या तारांची जाळी पातळ आणि बसवायला स्वस्त असल्याने न्हाणीघरापुरती ती ठीक आहे; पण अख्खे घर तिच्यावर तापवायचे म्हटले, तर जर्मनीतले वीजदर पाहता बिल डोळे पांढरे करील. संपूर्ण घरासाठी गरम पाण्याच्या नळ्याच घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. खोली तापवणाऱ्या भिंतीलगतच्या जुन्या रेडिएटरना ६० ते ७० अंश सेल्सिअसचे पाणी लागते, तर या नळ्यांना ३५ अंशांच्या आसपासचे पुरते, आणि अशा कमी तापमानालाच हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र) काटकसरीने चालतो. नळ्यांवरचा सिमेंटचा जाड थर तापायला काही तास घेतो. त्यामुळे कामावरून आल्यावर बटण दाबणाऱ्यांच्या उपयोगाची ही सोय नव्हे. वर टाइल किंवा दगडी फरशी उत्तम. जाड सतरंजी अंथरली की उष्णता खालीच अडते, हे विक्रेते क्वचितच सांगतात. नळ्यांखालचा उष्णतारोधक थर मागाहून दिसत नाही, तेव्हा त्याची जाडी अंदाजपत्रकात लिहून घ्यावी, आणि सिमेंट ओतण्यापूर्वी नळ्यांची दाबचाचणी (दाब देऊन गळती नाही ना, याची तपासणी) समक्ष उभे राहून पाहावी.

आपला,
एक वाचक, म्युनिक