दहा मणी आणि आठ सडे : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

स.न.वि.वि.

2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातली नुसती आनुवंशिकता उरली. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात मात्र उत्क्रांती आहे, तीही पहिल्याच धड्यात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातली पुस्तके इयत्तेमागून इयत्ता बदलत आहेत. दहावीची पाळी येईल तेव्हा या धड्याला हात लावू नये, ही पहिली विनंती. तिच्यावर जास्त लिहीत नाही, कारण हे पत्र मुख्यतः प्रकल्पांबद्दल आहे.

आज उत्क्रांतीचा प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातला तक्ता. डावीकडे वाकलेले माकड, उजवीकडे ताठ चालणारा माणूस, मध्ये रांग. तो चिकटवला की गुण मिळतात. पण उत्क्रांती रांगेत चालत नाही, तिला फांद्या फुटतात. आजचे माकड आपला पूर्वज नव्हे, दोघांचा पूर्वज एक. एका जातीच्या दोन जाती कशा होतात, म्हणजेच जातिउद्भव, हे त्या तक्त्यात कुठेच नाही.

त्याऐवजी हे करून पाहता येईल. मणी म्हणजे एकेक जीव, रंग म्हणजे त्याचा वारशाने येणारा गुण, पिशवी म्हणजे त्यांची एक वस्ती. वर्गाचे आठ गट करायचे. प्रत्येक गटाला एक अपारदर्शक पिशवी, दहा लाल मणी आणि दहा पांढरे मणी. वर्गाला मिळून ऐंशी-ऐंशी मणी लागतात, कटलरीच्या दुकानात सहज मिळतात. पिशवीत सुरुवातीला पाच लाल, पाच पांढरे. न बघता एक मणी काढायचा, रंग लिहायचा, मणी परत टाकायचा, पिशवी हलवायची. असे दहा वेळा. सात लाल आणि तीन पांढरे निघाले, तर पुढच्या पिढीसाठी पिशवीत सात लाल, तीन पांढरे भरायचे. की पुन्हा दहा वेळा. एक रंग पार संपेपर्यंत हे चालू ठेवायचे. दहा मण्यांच्या पिशवीत त्याला सरासरी चौदा पिढ्या लागतात. जोड तासिका हवी, एका तासिकेत जेमतेम निम्मे होते.

शेवटी फळ्यावर आठ गटांचे आलेख काढले की काही गट पूर्ण लाल, काही पूर्ण पांढरे, एखादा तास संपला तरी अधेमधे लटकलेला. सुरुवात सगळ्यांची सारखी, निवड कोणी केली नाही, तरी वाटा वेगळ्या. आता दुसरी फेरी घ्यायची आणि शेजारच्या दोन गटांनी दर पिढीला एकेक मणी न बघता अदलाबदल करायचा. त्या दोन पिशव्यांचे आकडे एकमेकांच्या मागे-पुढे राहतात. देवाणघेवाण थांबवली की पुन्हा फाटतात.

यात चुका ठरलेल्या आहेत. मणी परत टाकायचा राहिला तर दहा मणी काढून झाल्यावर पाच-पाच हेच उत्तर येते, दरवेळी, आणि शिक्षकांना वाटते प्रयोगात काही घडतच नाही. मण्यांऐवजी राजमा आणि हरभरा घेतले तर बोटांना आकार कळतो. सगळ्यात मोठी अडचण मात्र आपल्या पद्धतीतली आहे. एखाद्या गटाचे नऊ-एक आले की मुलांना वाटते आपले चुकले. शेजारच्या गटाचे बघून ती सहा-चार लिहितात, किंवा पाच-पाच. प्रयोगवही फेअर हवी, सगळ्यांचे उत्तर एक हवे, हे सहावीपासून अंगात मुरलेले असते. ज्या धड्यात वेगळेपण हाच कच्चा माल आहे, त्या धड्याच्या वहीत आपण वेगळेपण खोडरबराने पुसतो.

म्हणून दुसरी विनंती : या प्रकल्पाचे निम्मे गुण कच्च्या नोंदींना द्यावेत. तारीख, गट, प्रत्येक पिढीचे आकडे, खाडाखोडीसकट. नऊ-एक आले असेल तर नऊ-एकच.

पिशवी म्हणजे सडा, म्हणजेच डोंगरमाथ्यावरचे सपाट कातळाचे पठार, असे मुलांना सांगावे. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गातल्या मुलांना कातळसडा दाखवायची गरज नाही, रोजच्या वाटेवर असतो. दोन सड्यांमध्ये खोल दरी असली की सड्यावरच्या लहान प्राण्यांची एकमेकांत देवाणघेवाण तुटते. ओढ्यातल्या माशांचेही तसेच. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा 2020 साली नवी जाती म्हणून नोंदवला गेला आणि 2021 मध्ये त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पुस्तकातल्या धड्याला इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. मात्र मणी वेगळे झाले म्हणजे जाती वेगळ्या झाल्या असे नव्हे, हेही सांगायला हवे. दोन गट पुन्हा एकत्र आले तरी त्यांच्यात संकर होत नाही, तेव्हा जातिउद्भव पूर्ण होतो. संशोधक डायन डॉड यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच साठ्यातल्या फळमाश्या काही स्टार्चवर, काही माल्टोज या साखरेवर वाढवल्या. पुढे स्टार्चवाल्या माश्या जोडीदार म्हणून स्टार्चवाल्याच जास्त निवडू लागल्या. शाळेत हा प्रयोग करू नये. मे महिन्यात कोण माश्या सांभाळणार, आणि उन्हाळ्यात तापमान तिशीच्या वर गेले की नर वांझ होऊ लागतात.

दुसरा प्रकल्प टाकळ्याचा. दोन वेगळ्या जागांवरून, म्हणजे समजा मुरमाड रस्त्याकडेहून आणि शेताच्या बांधावरून, नोव्हेंबर-डिसेंबरात पिकलेल्या शेंगा आणायच्या. बियांचे कवच टणक असते, म्हणून पेरण्याआधी पॉलिश पेपरवर जरा घासायचे. नाहीतर निम्म्या बिया उगवत नाहीत आणि मुले 'बी खराब' असा निष्कर्ष काढतात. जूनमध्ये एकाच मातीने भरलेल्या पिशव्यांत दोन्हीकडची वीस-वीस रोपे लावायची. पिशव्या सरमिसळ ठेवायच्या, एका जागेची सगळी खिडकीशी नकोत. प्रत्येक रोपाच्या पाचव्या पानाच्या टोकाकडच्या पर्णिकेची (संयुक्त पानातल्या छोट्या पानाची) लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची. पहिली पाने नको, त्यांच्यावर बीच्या आकाराचा प्रभाव असतो. रानात दिसणारा फरक इथेही टिकला तर तो बहुधा आनुवंशिक. पुसला गेला तर तो मातीचा होता. दोन्ही निष्कर्ष पूर्ण गुणांचे.

त्यासाठी वेळापत्रक बदलावे लागेल. प्रकल्प जानेवारीत मागितला तर टाकळा केव्हाच वाळलेला असतो. बिया नववीत गोळा आणि पेरणी दहावीच्या जूनमध्ये, अशी सोय परिपत्रकात हवी. त्याच परिपत्रकात दोन गोष्टींना स्पष्ट मनाई असावी : शाळेत जिवाणूंवर प्रतिजैविकांचे प्रयोग, कारण काय वाढले हे कळायला शाळेत साधन नसते, आणि कास किंवा कुठल्याही सड्यावरून झाडे-प्राणी उचलून आणणे.

एक शब्दांची गोष्टही मार्गी लावावी. वर्गीकरणात जाती ही शेवटची पायरी, प्रजाती तिच्या वरची. वर्तमानपत्रात 'नवी प्रजाती सापडली' म्हणजे नवी जाती. शेतकऱ्याच्या तोंडी गव्हाची जात म्हणजे वाण. मुलाला हे तिन्ही अर्थ एकाच आठवड्यात भेटतात. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली या चौघी एकाच जातीच्या आणि मुळा वेगळ्या जातीचा, हे मंडईत दाखवले की गोंधळ बराच निवळतो. धड्याच्या शेवटी अर्ध्या पानाची चौकट पुरेल.

मण्यांची आणि टाकळ्याची कार्यपत्रिका आम्ही मराठीत तयार करून देऊ. मंडळाने ती तपासून येत्या जूनपूर्वी शाळांना पाठवावी.

कळावे,

आपले,
दहावीला जीवशास्त्र शिकवणारे काही शिक्षक