फोनवर टॉर्च मारायला सांगणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं उघड पत्र.

काचबिंदूचा झटका येऊ नये म्हणून माझ्या उजव्या डोळ्यातल्या रंगीत पडद्याला लेझरने बारीक छिद्र पाडलं होतं. काम काही मिनिटांचं. तासाभराने डोळ्यातलं प्रेशर मोजलं आणि स्टेरॉइडचे थेंब दिले: दिवसातून ४ वेळा, आठवडाभर. तिसऱ्या दिवशी आरशात डोळा पांढराशुभ्र दिसला आणि मी आपल्या शहाणपणाने थेंब बंद केले. स्टेरॉइड या शब्दाचीच धास्ती, दुसरं काय!

पाचव्या दिवशी डोळा ठणकू लागला, नजर धुरकटली. फोन तुम्ही उचललात. लाली सगळीकडे आहे की बुबुळाच्या कडेने, हे विचारलंत. मग म्हणालात, "उजवा डोळा हाताने झाका, डाव्यावर टॉर्च मारा." दुखतंय एकीकडे आणि ह्या बाईंचं भलतंच, असं वाटलं खरं. टॉर्च डाव्यावर पडला आणि कळ आली झाकलेल्या उजव्यात. "आत्ताच निघा," एवढंच बोललात.

त्यातली मेख डॉक्टरांनी उलगडली. उजेड एका डोळ्यावर पडला तरी बाहुल्या दोन्ही आकसतात, आणि सुजलेला पडदा ओढला की कळ येते. नुसते डोळे आले असतील तर असं होत नाही. लेझरने पडद्याचा चुरा आतल्या पाण्यात सांडतो, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, पांढऱ्या पेशी उतरतात. तपासणीच्या यंत्राच्या झोतात त्या कवडशातल्या धुळीसारख्या तरंगताना दिसतात म्हणे. बहुतेकांची ही सूज थेंबांनी काही दिवसांत ओसरते. माझ्यासारखं केलं तर पडदा मागच्या भिंगाला चिकटू शकतो, पाडलेलं छिद्रही बुजू शकतं. माझं शाबूत होतं.

थेंब पुन्हा सुरू झाले, आधी तासातासाला, मग हळूहळू कमी. स्टेरॉइडने काहींचं प्रेशर वाढतं, त्यामुळे माझी भीती अगदीच खुळी नव्हती. पण त्यावर उपाय प्रेशर मोजत राहण्याचा, बाटली कपाटात ठेवण्याचा नव्हे.

पुढच्या महिन्यात डावा डोळा आहे. या वेळी आरशाला विचारणार नाही, तक्त्यावर खुणा करीन. ड्यूटीवर तुम्हीच असलात तर आधी नाव विचारीन.

तुमचा,
उजव्या डोळ्याचा पेशंट