तुझा झेंडू दादरला पोचतो तेव्हा

दादर, मुंबई
श्रावणी सोमवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू तावातावाने म्हणालास, "माझा झेंडू चांगला जातो, मग विक्रीच्या हिशेबाची पट्टी अशी का येते, की तोडणीची मजुरीही सुटू नये?" मला त्यातलं काय कळतंय? म्हणून आज पहाटे चारला छत्री घेऊन सरळ फूलबाजार गाठला.

दादरला पश्चिमेकडे उतरलं की फुलांचा वास येईल असं वाटतं ना? आधी येतो तो भिजल्या गोणपाटाचा, तुडवलेल्या पाल्याचा आणि डिझेलचा. मीनाताई ठाकरे मंडईत आडत्यांचे, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्यांचे, गाळे आहेत, पण बाजार तिथे थोडाच मावतो! सेनापती बापट मार्गावर, कवी केशवसुतांच्या नावाच्या उड्डाणपुलाखाली जिथे टेकायला जागा मिळेल तिथे पाट्या मांडलेल्या. वर कवीचं नाव आणि खाली भावावरून शिव्यागाळी. मला तरी ही जोडी आवडली.

एका गाळ्यासमोर झेंडूचे क्रेट उतरत होते. आडत्या वरची फुलं बघतच नाही रे. कोपरापर्यंत हात आत घालतो आणि मधलं मूठभर बाहेर काढतो. वर टपोरा भगवा गोंडा, आत पाकळ्या काळ्या पडलेल्या, हाताला गरम. "माल तापलाय," एवढंच म्हणाला आणि भाव उतरला. शेतकऱ्याने पावसात तोडून ओलाच भरला असणार. ओलं फूल वजनाला भरतं, हे खरं. पण रात्रभर टेम्पोत दाबून आलं की आतून सडायला लागतं, आणि ओल्या वजनाने मिळणारे ते चार पैसे असे भाव उतरून जातात. तू कसा भरतोस, हे मी विचारत नाही. तुझं तूच बघ.

दुसरी गोष्ट वेळेची. इथे खरा गिऱ्हाईक पहाटेचा. प्रभादेवीला सिद्धिविनायकापाशी बसणारे हारवाले, उपनगरातल्या गजरेवाल्या, लग्नाचे मंडपवाले, सगळ्यांना उजाडायच्या आत माल हवा. हार ओवायला वेळ लागतो, शिवाय परतीची लोकल गाठायची असते. ही मंडळी घासाघीस करतात, पण क्रेटच्या क्रेट उचलतात. सहानंतर येतात आपल्यासारखे, पाव किलोवाले. पहाटे 60 रुपयांना गेलेला झेंडू साडेसातला 35 वर आलेला मी पाहिला, आणि तोही चांगला, कोरडा माल. त्याचा टेम्पो घाटात अडकला होता, एवढंच. तुझी पट्टी पुढच्या वेळी आली की आधी टेम्पो किती वाजता पोचला ते विचार, मग आडत्याला शिव्या दे. आडत्ये साधूसंत आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही.

सोनचाफा मात्र बघण्यासारखा. वसईकडच्या बायका पहिल्या लोकलने तो आणतात, आणि पावसाळा म्हणजे त्याचा हंगाम. पलीकडे पालघरकडच्या आदिवासी बायका बेल, दूर्वा, आघाडा घेऊन बसलेल्या. सोमवार असल्यामुळे बेलावर झुंबड. मी एकीला विचारलं, "मावशी, एवढा बेल कुठून?" तर म्हणाली, "झाडावरून!" आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. माझी जिरली.

प्लास्टिकच्या फुलांची दुकानंही इथून लांब नाहीत. तोरणं, माळा, सगळं वर्षभर टिकणारं. त्यांना पावसाची भीती नाही, घाटाची नाही. मला त्यांचा राग येतो, पण स्वस्त म्हणून घेणाऱ्याला काय सांगणार?

आता माझं ऐकशील तर सगळं रान झेंडूखाली घालू नकोस. दसऱ्याला प्रत्येकाचाच झेंडू येतो आणि भाव पडला की लोक तो रस्त्यावर टाकून जातात, हे आपण दोघांनीही पाहिलंय. थोडी शेवंती लाव. पाऊस असेल त्या दिवशी तोडणी पुढे ढकल, नाहीतर फुलं आडोशाला पसरून सुकव आणि मगच क्रेट भर. कल्याणचा भावही रोज विचारत जा. जुन्नरहून माळशेज उतरलास की ते दादरच्या आधी लागतं, तेवढाच वेळ वाचतो.

वहिनींना नमस्कार सांग. टेम्पोवाल्याचा नंबर पाठव, येत्या गुरुवारी तुझा माल उतरताना मी तिथे उभा राहतो.

तुझाच,
दादरकर